आता ते बटण दाबू नका, बाबा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी पत्र पूर्ण वाचा, मग फोन करून काय रागवायचं ते रागवा. नवा कॉम्प्युटर मी घेतलाय. शनिवारी माणूस येऊन जोडून देईल. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही "एसएमपीएस बदलला की चालेल" म्हणाला असतात आणि दिवाळीपर्यंत तेच चाललं असतं.

तुमचं निदान चूक नव्हतं. आई, एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा. जुन्याचा पंखा फिरतो, दिवा लागतो, पाच-सात सेकंदांत सगळं गप्प. सकाळी गार असताना जास्तच, मग कधीतरी टिकतो. ही लक्षणं एसएमपीएस बिघडल्याचीही असतात. पण परवा व्हिडिओ कॉलवर आईने टॉर्च धरला तेव्हा प्रोसेसरच्या कडेचे कपॅसिटर पाहिलेत ना? माथे फुगलेत, एकाखाली तपकिरी डाग आहे. व्होल्टेज स्थिर राखणं हे त्यांचं काम, तेच होईना म्हटल्यावर मदरबोर्ड तरी किती तग धरणार? नवा एसएमपीएस घालून आपण महिनाभर खूश राहिलो असतो, इतकंच. तुम्ही मदरबोर्डवरचा छोटा सेल बदललात तो वाया गेला नाही हं, तारीख त्यामुळेच नीट दिसते. बंद पडण्याशी मात्र त्याचा संबंध नव्हता.

शिवाय त्यावर अजून विंडोज ७. त्याचे सुरक्षेचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, आणि तुम्ही त्यावर पेन्शनचं खातं उघडता! पैशांचं म्हणाल तर दादाला विचारू नका, त्याला माहीत नाही.

नवा पोळ्यांच्या डब्याएवढा आहे. टेबलावरच राहील, बटण हाताशी, गुडघ्यांना त्रास नाही. मॉनिटर आपण जुनाच ठेवतोय, त्याला लागणारा कन्व्हर्टर सोबत येईल. कीबोर्डही तोच; अक्षरं पुसली असली तरी तुमच्या बोटांना पाठ आहेत. हार्ड डिस्क काढून यूएसबीने बाहेरून जोडायची, म्हणजे त्यावर टाइप केलेल्या आप्पांच्या वह्या जशाच्या तशा मिळतील. फक्त श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरमधलं टायपिंग त्याचा फॉन्ट नसताना उघडलं की भलतीच चिन्हं दिसतात. घाबरून काही डिलीट करू नका. फॉन्ट टाकू, मग युनिकोडमध्ये, म्हणजे वेगळा फॉन्ट न टाकता दिसणाऱ्या मराठीत, बदलू. त्यात जोडाक्षरं बिघडतात, ती गणपतीत मी आले की दोघं बसून तपासू. तुम्ही वाचायचं, मी दुरुस्त करायचं.

आठवतं का, रॅम घासायला माझ्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं होतंत? मशीन उठलं तर "हिच्या रबराचा गुण" म्हणून मला सारसबागेत भेळ खायला नेलंत, आणि दादाचं तोंड एवढंसं झालं. मला अजून वाटतं, ते तुम्ही मुद्दामच म्हणाला होतात.

आता ऐका. शनिवारपर्यंत जुन्याचं बटण पुन्हापुन्हा दाबायचं नाही. भिंतीतला प्लग काढून ठेवा. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही म्हणजे नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. तापकीर गल्लीत जुना पार्ट शोधायला जायचं नाही, निदान या उन्हात तरी. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, कॉम्प्युटरनंतर नाही. आणि आई, नव्यावर क्रोशाचं कव्हर घालू नकोस गं, त्याची हवा बंद होते. मॉनिटरला घाल, छान दिसेल.

जुनं कॅबिनेट टाकायला मी सांगत नाहीये. गॅलरीत राहू दे, तुम्ही म्हणाल तेव्हा बघू.

तुमची,
मनू

ता. क. आई, पासवर्डची चिठ्ठी कालनिर्णयच्या मागे आहे ना? शनिवारी माणूस आला की ती लागेल. त्याच्या हातात देऊ नकोस, बाबांनाच टाइप करू दे.