तक्रार : पूर्वजाच्या जन्मगावाचा चुकीचा निष्कर्ष आणि जादा शुल्काची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
वंशावळ संशोधन सेवा, पुणे कार्यालय

महोदय,

माझ्या आजीचे आजोबा इंग्लंडमधील नेमक्या कोणत्या गावी जन्मले, हे मूळ नोंदींच्या आधारे निश्चित करून देण्याचे काम मी आपल्या संस्थेकडे सोपवले होते आणि त्याचे संपूर्ण शुल्क आगाऊ भरले होते. आपण पाठवलेल्या अंतिम अहवालात त्यांचे जन्मगाव ब्रॉम्सग्रोव्ह असल्याचे नमूद केले आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा आपल्याच अहवालाच्या परिशिष्टात जोडलेला आहे. म्हणून हे पत्र.

हे गृहस्थ जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला होते. थळ घाटाचा मार्ग 1865 मध्ये सुरू झाल्यावर इगतपुरीला जी रेल्वे वसाहत उभी राहिली, तिथे ते राहत आणि 1869 मध्ये त्यांचे लग्नही तिथेच झाले. पुढच्या पिढीत घरात मराठी ख्रिस्ती सोयरीक झाली आणि इंग्रजी बोलणे मागे पडले, पण त्यांचे बायबल मात्र जपले गेले. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांच्या स्वतःच्या अक्षरात ‘ब्लॉक्ली, वूस्टरशायर’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. लग्नाच्या नोंदीत वधूवरांचे वय, हुद्दा आणि वडिलांचे नाव मिळते, जन्मगाव मिळत नाही. त्यामुळे बायबलमधील ही एक ओळच आपल्या कामाचा आरंभबिंदू होती आणि तिचे छायाचित्र मी पहिल्याच दिवशी आपल्याला दिले होते.

त्या ओळीविषयी आपल्या संशोधकांनी अहवालात असा शेरा मारला आहे की, ‘वूस्टरशायरमध्ये ब्लॉक्ली नावाचे गाव नाही, सबब कौटुंबिक नोंद अविश्वसनीय आहे.’ आजच्या नकाशापुरते हे विधान खरे आहे, कारण ब्लॉक्ली आज ग्लॉस्टरशायर या शेजारच्या काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागात) मोडते. परंतु ते तिथे 1931 साली गेले. त्याआधी शतकानुशतके ते वूस्टरशायरचेच होते, मात्र मुख्य काउंटीपासून तुटून बाजूला पडलेले, कारण तो मुलूख मध्ययुगापासून वूस्टरच्या बिशपांच्या मालकीचा होता. काउंट्यांचे असे तुटक तुकडे शेजारच्या काउंट्यांना जोडून टाकण्याचा कायदा 1844 मध्ये झाला, तरीही ब्लॉक्ली त्यातून सुटले. एव्हनलोड, डेल्सफर्ड आणि कट्सडीन या गावांची कथा हीच आहे. तीही 1931 लाच ग्लॉस्टरशायरला मिळाली, तर शिप्स्टन-ऑन-स्टाऊर आणि ट्रेडिंग्टन वॉरिकशायरकडे गेली. मोर्टन-इन-मार्शजवळचा ‘फोर शायर स्टोन’ हा दगड चार काउंट्यांच्या सीमा तिथे भिडत म्हणून उभा आहे, आणि त्या चारांपैकी वूस्टरशायरची सीमा 1931 च्या या फेरबदलानंतर तिथे उरली नाही. पटवर्धनी संस्थानांची गावे ब्रिटिश जिल्ह्यांच्या मधोमध कशी विखुरलेली असत, हे पुण्यात बसून वंशावळी जुळवणाऱ्या संस्थेला मी समजावून सांगण्याची गरज नसावी. जन्म 1844 च्या सुमाराचा असेल, तर गाव त्या काळच्या हद्दीत शोधायचे असते, हा या कामाचा पहिला धडा आहे.

आता अहवालातील पुराव्याविषयी. परिशिष्टात 1851 च्या इंग्लंडमधील जनगणनेच्या एका पानाची प्रत आहे. त्यावर आमच्या पूर्वजाच्याच नावाचा सात वर्षांचा मुलगा आहे, त्याच्या वडिलांचे नाव इगतपुरीच्या लग्ननोंदीतील नावाशी जुळते, आणि आईच्या व्यवसायाच्या रकान्यात रेशीम गिरणीतील काम लिहिलेले आहे. ब्लॉक्लीत त्या काळी ओढ्याकाठी रेशीम पिळण्याच्या गिरण्या होत्या आणि त्यांचा माल कॉव्हेंट्रीच्या फितीवाल्यांकडे जात असे, हे लक्षात घेतले असते तरी पुरेसे होते. तरीही आपण हे कुटुंब बाद केले, आणि कारण दिले की मुलाचे ‘जन्मस्थळ नमूद नाही’. ते नमूद आहे. सर्वांत थोरल्या मुलीच्या ओळीत काउंटी आणि गाव पूर्ण लिहिले आहे आणि तिच्या खालच्या प्रत्येक भावंडापुढे ‘वरीलप्रमाणे’ या अर्थाची खूण आहे. ज्याने ही नोंद उतरवून घेतली, त्याने त्या खुणा रिकामी जागा समजून सोडून दिल्या. भिंग घेऊन बसण्याचीही गरज नव्हती. मूळ प्रतीत त्या साध्या डोळ्यांनी दिसतात.

त्याऐवजी आपण ब्रॉम्सग्रोव्हचा त्याच नावाचा दुसरा मुलगा निवडला, केवळ ते गाव आजही वूस्टरशायरमध्ये आहे म्हणून. परंतु आपल्याच परिशिष्टातील 1871 च्या जनगणनेत हा मनुष्य बायकोमुलांसह ब्रॉम्सग्रोव्हलाच राहून खिळे बनवण्याचा धंदा करताना दिसतो. त्याच्या दोन वर्षे आधी इगतपुरीला लग्न करून रेल्वेत नोकरी करणारा माणूस तो असणे शक्य नाही. ही दोन पाने एकाच अहवालात लागोपाठ जोडताना ती कोणीही शेजारी ठेवून वाचली नाहीत, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

या त्रुटी मी कळवल्यावर आपल्या कार्यालयाने उत्तर दिले की, ग्लॉस्टरशायर ही ‘वेगळी काउंटी’ असल्यामुळे तिथला शोध नवे काम मानला जाईल आणि त्यासाठी जादा शुल्क भरावे लागेल. ही मागणी मला मान्य नाही. मी काउंटी विकत घेतली नव्हती, गाव शोधायला सांगितले होते. शिवाय 1837 नंतरच्या सरकारी जन्मनोंदींच्या सूचीत काउंटी नव्हे, तर नोंदणी जिल्हा दिलेला असतो, आणि ब्लॉक्ली ज्या शिप्स्टन-ऑन-स्टाऊर नोंदणी जिल्ह्यात होते, त्यात तीन काउंट्यांची गावे होती. म्हणजे काउंटीच्या हद्दीवर थांबून सूची चाळली असेल, तर तो शोध मुळातच अपुरा होता. त्यातून जन्म न नोंदवणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद 1874 च्या कायद्याने आली; त्यापूर्वीच्या मुलांसाठी चर्चची बाप्तिस्मा नोंदवहीच निर्णायक ठरते, आणि ती आपण उघडल्याचा अहवालात कुठेही उल्लेख नाही.

त्यामुळे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. ब्लॉक्लीच्या सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्चची 1840 ते 1850 या काळातील बाप्तिस्मा नोंदवही आणि तिच्या बिशपांकडे पाठवलेल्या प्रती, पॅक्सफर्ड, ड्रेकॉट, अ‍ॅस्टन मॅग्ना यांसारख्या त्या पॅरिशमधील (चर्चच्या हद्दीतील) वाड्यांसह, कोणतेही जादा शुल्क न घेता तपासून मूळ पानांच्या प्रतींसह सुधारित अहवाल द्यावा. ब्रॉम्सग्रोव्हचा निष्कर्ष लेखी मागे घ्यावा आणि आपल्या संकेतस्थळावरील आमच्या वंशवृक्षात जोडलेले ते अनोळखी कुटुंब काढून टाकावे. माझ्या अमेरिकेतील चुलत भावंडांनी ती नावे आपली समजून उतरवूनही घेतली आहेत. हे काम करणे संस्थेला शक्य नसेल, तर भरलेले संपूर्ण शुल्क परत करावे.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये नाशिक येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागण्यात येईल. बायबलच्या पानाची, 1851 आणि 1871 च्या जनगणना पानांची, लग्ननोंदीची आणि शुल्काच्या पावतीची प्रत सोबत जोडली आहे. 1851 च्या पानावरील संबंधित खुणा लाल शाईने दाखवल्या आहेत.

आपली विश्वासू,
तक्रारदार ग्राहक,
नाशिक रोड