विजयदुर्गात साहेब आला, पण ३० वर्षांनी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की सगळ्याच पेपरांच्या पर्यटन पुरवण्यांत आमचं विजयदुर्ग येतं, किल्ल्याचा फोटो, हापूसचा फोटो आणि मग ते ठरलेलं वाक्य, की १८६८ साली लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने किल्ल्यावरून सूर्यग्रहण बघून हेलियम वायू शोधला. अहो, त्या १८ ऑगस्टच्या ग्रहणाला लॉकियर भारतात आलाच नव्हता! तेव्हा आंध्रातल्या गुंटूरला होता तो फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आणि लॉकियरने सूर्याच्या कडेच्या प्रकाशात हेलियमची ती पिवळी रेघ पाहिली ती ऑक्टोबरमध्ये, लंडनमधून. आणि ऑगस्टात आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो ते शेंबडं पोर पण सांगेल, त्या दिवसांत दुर्बीण लावायला किल्ल्यावर कोण येतो?

साहेब आमच्याकडे आला हे मात्र खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन त्याने इथे निरीक्षणं केली, आणि तोवर १८९५ मध्ये रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने हेलियम प्रयोगशाळेत पकडून झालेला होता. ही खरी गोष्ट काय कमी भारी आहे का, मग ती का नाही छापत?

दुसरं म्हणजे बंदर. किल्ला सगळ्यांना दिसतो, तो २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला त्याचा आनंदच आहे, पण आंग्रे आणि नंतर धुळप या मराठी आरमारप्रमुखांची जहाजं जिथे दुरुस्तीला यायची ती खाडीकाठची गोदी, गिर्ये गावचं रामेश्वराचं देऊळ, तिकडे गाड्या वळतच नाहीत. १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथेच जाळलं, त्यावर पुरवणीत अर्धी ओळ नसते.

आणि आमचा मे महिना एवढा गजबजलेला का, तर त्याचं मूळ पण बंदरातच. पूर्वी मुंबईहून आगबोटीने यायचं, बोट बाहेर उभी राहायची आणि होडीतून पोरंबाळं, ट्रंका धक्क्यावर उतरायच्या, पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे लग्नं, सत्यनारायण, देवाचं काय असेल ते सगळं पावसाच्या आत उरकायचं. आता बोट गेली, एसटी आणि रेल्वे आली तरी मुंबईत नोकरीला गेलेले आम्ही चाकरमानी येतो मे मध्येच, रात्री दोन बुवांच्या सामन्याचं डबलबारी भजन, कुठे दशावतार, दिवसा पोरांच्या क्रिकेटच्या टुर्नामेंट आणि घराघरात फणस फोडायला तेल लावलेले हात. पर्यटकांनी हे पण बघावं की, देवळाच्या मांडवात कोणी हाकलत नाही, उलट खुर्ची देतात.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या पुरवणीत १८६८ काढून १८९८ छापा आणि गोदीचा एखादा फोटो टाका. गाड्याही नेणाऱ्या रो-रो बोटीच्या बातम्या छापताच आहात, तर जुन्या आगबोटीने आलेली म्हातारी माणसं गावात अजून आहेत, त्यांच्याशी बोलायला एखादा वार्ताहर पाठवा, आणि मे मध्येच पाठवा, जूनमध्ये निम्मी घरं बंद असतात.

आपला,
एक चाकरमानी वाचक, मुंबई