मेलबर्नचे चिनी शेजारी आणि आपले गोंड राजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात सेटल झालेल्या आपल्या लोकांवर मागे तुमच्या पेपरमधे एक लेख आला होता. लेख चांगला होता, पण त्यात एक वाक्य खटकलं, आणि आपल्याकडे सगळेच तसं बोलतात म्हणून जरा जास्तच खटकलं. की चिनी माणूस कुठंही जावो, आपण बरं नि आपला धंदा बरा, त्या देशाशी त्याला काही घेणंदेणं नसतं. मला हे पटत नाही. माझी मुलगी मेलबर्नला बॉक्स हिल भागात राहते, तिथं चिनी वस्ती भरपूर, आणि २०२३ मधे ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं तेव्हा मी तिच्याकडेच होते. जे बघितलं ते या समजाच्या अगदी उलट होतं म्हणून हे पत्र.

सार्वमत होतं तिथल्या मूळनिवासी लोकांबद्दल. त्या देशाच्या राज्यघटनेत त्यांची पहिले रहिवासी म्हणून नोंद व्हावी आणि त्यांच्याबद्दल कायदे करताना संसदेला नि सरकारला सल्ला देणारं त्यांचं एक मंडळ असावं, एवढीच मागणी. २०१७ मधे मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरूला त्यांच्या प्रतिनिधींनी जे निवेदन काढलं त्यातून ती आली होती. मतदानाची तारीख होती १४ ऑक्टोबर. नागपूरकराला ही तारीख काय आहे ते सांगावं लागत नाही, १९५६ ला याच दिवशी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांना माणूस म्हणून उभं केलं, त्यामुळे मला तर तिथं बसून सारखं तेच आठवत होतं.

आता शेजारच्या चिनी आजींचं सांगते. वय ऐंशीच्या घरातलं, सिटिझनशिप घेतलेली, इंग्रजी जवळपास नाहीच, आमचं बोलणं त्यांच्या सुनेमार्फत. तिथं मत देणं सक्तीचं आहे, नाही दिलं तर दंड, आणि या मतपत्रिकेवर चिन्हबिन्ह काही नाही, एका चौकोनात इंग्रजीत येस किंवा नो लिहायचं. बरोबरची खूण केली तर हो धरतील पण फुली मारली तर मत बाद, यावरून तिथं मोठा वाद पण झाला. तर ह्या आजी भाजीच्या बिलाच्या मागं पेननी आधी येस मग नो, परत येस परत नो असं लिहून प्रॅक्टिस करायच्या, दोन्ही शब्द सारख्याच काळजीनं, म्हणजे कुठला लिहिणार ते घरच्यांनाही कळू नये. निवडणूक आयोगानी घरोघरी पुस्तिका पाठवली होती, हो म्हणणाऱ्यांची बाजू आणि नाही म्हणणाऱ्यांची बाजू दोन्ही त्यात, तिचं चिनी भाषांतर नातवानी काढून दिलं आणि आजी ते भिंग घेऊन वाचत बसायच्या नि जेवताना सुनेला प्रश्न विचारायच्या. एकदा विचारलं, की आपण राहतो ही जमीन आधी नेमकी कोणाची होती. सुनेला माहीत नव्हतं. शाळेत जाणाऱ्या नातवानी सांगितलं, वुरुंजेरी लोकांची, कारण त्यांच्या शाळेत कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच ते म्हणतात. आजींनी शेवटी काय लिहिलं मला माहीत नाही, मी विचारलं पण नाही, पण ज्या माणसाला त्या देशाचं काही पडलेलं नसतं तो एवढा खटाटोप करेल का?

आणि हे आजकालचं नाही. १८५० च्या दशकात व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथं, सोनं सापडलं तेव्हा चिनी हजारोंनी आले. त्यांना अडवायला व्हिक्टोरियानी १८५५ ला कायदा करून डोक्यामागं १० पौंड कर लावला, तर ते लोकं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब नावाच्या बंदरावर उतरून तिथून पायी खाणींवर गेले, चारशे किलोमीटरच्या वर, सामान खांद्यावर घेऊन. पुढं न्यू साउथ वेल्समधल्या लँबिंग फ्लॅटच्या खाणींवर त्यांच्यावर दंगली झाल्या, १९०१ ला गोऱ्यांखेरीज कोणी येऊच नये असा कायदा झाला आणि ते धोरण पूर्ण जायला १९७३ उजाडलं. तरी व्हिक्टोरियातल्या बेंडिगो गावात ह्याच लोकांनी हॉस्पिटलला पैसे जमावे म्हणून ईस्टरच्या जत्रेत आपली मिरवणूक काढायला सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यांचा ड्रॅगन आजही तिथल्या ईस्टरला निघतो. अंगावर कर लावणाऱ्या राज्यातल्या हॉस्पिटलला वर्गणी गोळा करणारी माणसं ही. त्यांना धंद्यापुरते कसं म्हणायचं?

यातली एक गोष्ट मात्र त्या लोकांमधेही फार वर्षं बोलली गेली नाही असं मला त्या सुनेनी सांगितलं. ज्या बेंडिगोत सोनं खणलं ती जमीन जाजा वुरुंग या मूळनिवासी लोकांची, त्यांना हुसकून गोरे आले आणि त्यानंतर चिनी. म्हणजे ज्यांनी सोसलं तेही कोणाच्या तरी हिसकावलेल्या जमिनीवरच उभे होते. दुसरीकडे क्वीन्सलँडमधे १८९७ ला जो कायदा आला त्यात मूळनिवाशांवर बंधनं नि अफूची विक्री दोन्ही एकत्रच होतं, आणि अफूच्या नावानं रोख चिन्यांवर. उत्तरेकडच्या ब्रूम, डार्विनकडे तर या दोन समाजांत लग्नं झाली, कुटुंबंच्या कुटुंबं दोन्ही रक्ताची आहेत. हा इतिहास कळला की माणूस नुसता पाहुणा म्हणून राहत नाही, त्याला वाटतं यात आपलंही काही देणं लागतं.

सगळे चिनी हो च्या बाजूनी होते असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर खोटं होईल. पेनी वाँग, ज्या मलेशियात जन्मलेल्या आणि चिनी वंशाच्या, तिथल्या परराष्ट्रमंत्री, त्या हो च्या बाजूनं उघड उभ्या होत्या. पण आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतं तसं तिथं वीचॅटवर काहीही फिरत होतं, तुमचं घर जाईल, जमीन जाईल, एका जातीला जास्त हक्क मिळतील, आणि कष्टानं घर घेतलेला माणूस अशा गोष्टीला घाबरतोच हो, त्यात नवल काय. मूळनिवाशांमधेही जॅसिंटा प्राइससारख्या नेत्या नाही म्हणत होत्याच. निकाल लागला, साधारण ६० टक्के नाही, सहाच्या सहा राज्यांत नाही. तिथं घटना बदलायला देशभराचं बहुमत पाहिजे वर सहापैकी चार राज्यांतही पाहिजे, त्यामुळे प्रश्नच मिटला. दूरच्या मूळनिवासी वस्त्यांतल्या मतकेंद्रांवर मात्र हो चाच जोर होता. १९६७ ला असंच एक सार्वमत झालं होतं, जनगणनेत मूळनिवाशांना मोजावं वगैरे, त्याला ९० टक्क्यांवर लोकांनी हो म्हटलं, पण तेव्हा चिनी किंवा भारतीय मतदार होतेच किती. २०२१ च्या तिथल्या जनगणनेत चिनी वंशाचे साडेपाच टक्के आणि मूळनिवासी ३.२ टक्के. म्हणजे नंतर आलेल्यांची संख्या आधीच्यांपेक्षा मोठी, आणि आधीच्यांचं काय करायचं हे नंतरचे ठरवून राहिले. एवढं वजन हातात असताना मला काय त्याचं म्हणून चालत नाही, भलेही तुमचं मत काही असो.

आणि ही गोष्ट चिन्यांपेक्षा आता आपल्याला लागू आहे. २०२१ च्या त्याच जनगणनेत बाहेर देशात जन्मून ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांत इंग्लंडनंतर दुसरा नंबर भारताचा होता, चीन तिसरा. पण त्या दिवसांत मुलीच्या मराठी मित्रमंडळींत मी जे ऐकलं त्यानं मला वाईट वाटलं, आपला काय संबंध, आपण इथं कमवायला आलो, नो लिहा नि मोकळे व्हा. नो लिहिण्याबद्दल माझं म्हणणं नाहीच. पुस्तिका न उघडता लिहिण्याबद्दल आहे. गणपती, दिवाळी, नाटकं सगळं जोरात होतं तिकडे, अभिमान वाटतो बघून, मग एका रविवारी मंडळाच्या हॉलमधे एखाद्या मूळनिवासी वडीलधाऱ्या माणसाला बोलावून ऐकून घ्यायला काय हरकत होती?

हे वाचून कोणी म्हणेल ताई तिकडचं कशाला, इकडचं बघा. तेच बघून राहिले मी तिथून आल्यापासून. हे नागपूर शहर देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, बारा खेडी जोडून १७०२ च्या सुमारास वसवलं. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलताननं शहराला कोट बांधला, जुम्मा तलाव केला, जो आज आपण गांधीसागर म्हणतो आणि ज्याच्या काठानं रोज हजारो माणसं जातात. मग भोसले आले, इंग्रज आले, कोष्टी आले, मारवाडी आले, फाळणीनंतर सिंधी आले, छत्तीसगढी आले, माझे आजोबा अमरावतीकडून आले. आपण सगळे नंतरचे. नागपुरात जन्म गेलेल्या किती जणांना गोंडीत एक वाक्य येतं? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते आणि ती भाषा अजून आपल्या घटनेतल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या अनुसूचीत नाही.

सीताबर्डीच्या उड्डाणपुलावरून आपण जातो, त्याचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी माणसं गेली, त्यात बाया नि लहान लेकरं. मागणी काय तर आम्हाला आदिवासी म्हणून मान्यता द्या. २०१८ ला हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, २०२० ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. कायद्याचं मी काही बोलत नाही, पण स्मारकासमोर सिग्नलला उभं राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांना विचारा हे काय आहे, मी विचारून बघितलंय, बहुतेकांना सांगता येत नाही. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही. बॉक्स हिलच्या त्या नातवाला शाळेनी सांगितलं होतं म्हणून त्याच्या आजीला उत्तर मिळालं.

म्हणून दोन विनंत्या. एक, तुमचा पेपर ऑनलाइन तिकडे भरपूर वाचला जातो, तर परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या बातम्या छापता तेव्हा तिथल्या मूळ लोकांशी, तिथल्या महापालिकेशी, निवडणुकीशी मंडळाचा काय संबंध आहे तेही विचारत जा. दुसरी, इकडची. शहर आवृत्तीत आठवड्याला अर्धा कॉलम गोंडीला आणि गोंड काळातल्या नागपूरला द्या, लिहिणारे अभ्यासक आणि शिक्षक गोंड समाजातच आहेत, त्यांच्याकडूनच लिहून घ्या. शाळेतून रिटायर झाल्यामुळे माझ्याकडे वेळ आहे, मुलांना अजबबंगल्यातलं, म्हणजे आपल्या म्युझियममधलं, आदिवासी दालन दाखवायला न्यायचं असेल तर मी कुठल्याही शाळेबरोबर यायला तयार आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर