कळसूबाईला पुन्हा केर काढायला सांगू नका! मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

कळसूबाई परिसरात करायच्या उद्यानाच्या 'संयुक्त नियोजन' बैठकीची विषयपत्रिका मिळाली. दोन पाने, अकरा विषय. सीमांकन, प्रवेश शुल्क, वाहनबंदी, आराखडा, निधी यांच्यापुढे 'खाते', म्हणजे वनखाते, असे टाइप केले आहे. 'ग्रामसभा' हा शब्द दोनच ओळींत सापडतो: पार्किंग आणि कचरा. हा डोंगर राखायचा तर सरकार आणि आदिवासी ग्रामसभा बरोबरीने बसतील, हा शब्द आपणच भर सभेत दिला होता. बसायला बोलावलेत, आभारी आहोत. कोणाला खुर्ची आणि कोणाला झाडू, एवढे मात्र बैठकीआधीच कळले.

आपल्या कार्यालयात कोणाला कळसूबाईची गोष्ट ठाऊक आहे का? कळसू ही कोळ्याची पोर. इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती अट घालूनच: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कोणी तरी नेमके तेच फर्मावले. तिने भांडी घासली, केर काढला आणि डोंगर चढून गेली ती पुन्हा उतरलीच नाही. भांडी घासली ते थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. तिच्याच 1646 मीटरच्या डोंगरावर तिच्याच माणसांना आपण पुन्हा तेच काम नेमून दिलेत.

आता कामाचे बोलू. आधी तो 'उद्यान' शब्द जपून वापरा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खालचे राष्ट्रीय उद्यान झाले, तर कलम 35 प्रमाणे जमिनीवरचे हक्क सरकारजमा होतात आणि आत एक गाय चरू शकत नाही. 'मग समुदाय राखीव क्षेत्र करू', असे कोणी सुचवले असेल तर त्याने कायदा वाचलेला नाही. ते अभयारण्याच्या आत करताच येत नाही, आणि हा डोंगर 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. संवर्धन राखीव क्षेत्रातली समिती सल्ला देण्यापुरती. म्हणजे बरोबरीचे उद्यान करायचे तर पाया एकच उरतो: वनहक्क कायदा, 2006 मधला सामूहिक वनसंसाधनाचा हक्क. जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात ग्रामसभेला आहे. 'अभयारण्यात तो कायदा चालत नाही', हे पालुपद आता पुरे. कलम 2 मधली वनजमिनीची व्याख्या उघडा. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने त्यात नाव घेऊन घातली आहेत.

या हक्काचा दावा कुठे अडतो तेही सांगतो, कारण आपल्यापर्यंत फक्त 'प्रलंबित' हा शब्द येत असणार. पहिली खोट अर्जातच. वनसंसाधनाच्या दाव्याचा वेगळा नमुना 2012 च्या दुरुस्तीत आला, पण हातात ठेवतात तो चराई-सरपणाचा जुना नमुना. वर्षभराने उत्तर येते, 'यात व्यवस्थापनाचा हक्क मागितलेलाच नाही.' मग हद्द. वनखात्याच्या नकाशात जंगलाच्या तुकड्यांचे कक्ष क्रमांक असतात. आमच्या हद्दी ओढा, खिंड आणि वाघोबाचा दगड अशा चालतात. जीपीएस घेऊन फिरताना शेजारच्या गावाची माणसे बरोबर नसली की दोन गावांच्या रेषा एकमेकींवर चढतात आणि फाइल उपविभागीय समितीत झोपी जाते. कळसूबाईचे तर दुखणे दुहेरी. डोंगराची एक उतरण अकोले तालुक्यात, दुसरी इगतपुरी तालुक्यात. दोन जिल्हे, दोन जिल्हाधिकारी, दोन जिल्हास्तरीय समित्या. एकीने मंजूर केले आणि दुसरीने दाबून ठेवले, तर देवीच्या देवळापर्यंत हक्क आणि देवळामागे गुन्हा. म्हणून दोन्ही बाजूंच्या ग्रामसभांचे दावे एकाच दिवशी, एकमेकींच्या ना-हरकत ठरावांसह दाखल व्हायला हवेत, आणि दोन्ही समित्यांची बैठक एकत्र व्हायला हवी. हे एका परिपत्रकाचे काम आहे.

पुराव्याची तर गंमतच. वनहक्क नियमांतला नियम 13 गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरतो. खिडकीवर सातबारा मागतात. जंगलाचा सातबारा! दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते आणि 60 दिवसांत वर दाद मागता येते. म्हणून कोणी फेटाळतच नाही. 'त्रुटी' काढून परत पाठवतात. त्रुटीवर अपील नसते, साहेब.

आणि 2022 ची दुरुस्ती? अनुसूचित क्षेत्रातल्या अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी योग्य सल्लामसलत करूनच तयार करायचा, असे आता वन्यजीव कायद्याचे कलम 33 सांगते. आपल्या पत्रिकेत आराखड्यापुढे 'खाते' आहे. सल्लामसलत म्हणजे छापून झाल्यावर प्रत पाठवणे, असा कुठला जीआर निघाला असेल तर आम्हालाही द्या.

बरोबरीचा कारभार जमतो का, असे विचाराल. ऑस्ट्रेलियात उलुरू नावाचा एक लालभडक खडक आहे, तिथल्या अनांगू लोकांचे पवित्र ठिकाण. 26 ऑक्टोबर 1985 रोजी सरकारने जमीन त्यांच्या नावे केली आणि त्यांनी ती उद्यानासाठी 99 वर्षांच्या भाड्याने परत दिली. कारभार पाहणाऱ्या मंडळात 12 सदस्य, त्यातले 8 अनांगूंचे. बहुमत त्यांचे! प्रवेश शुल्कातला वाटा करारातच लिहिलेला. तिथेही शब्द मोडला गेला होता बरं का. खडकावर चढणे थांबवू असे आधी कबूल केले आणि जमीन देताना चढाई चालू ठेवण्याची अट घातली. पण मंडळात मते होती, म्हणून 2017 मध्ये त्यांनी एकमताने ठराव केला आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद झाली. मंडळात आठाऐवजी दोन माणसे असती, तर आजही साखळी धरून रांग लागली असती.

आम्ही चढाई बंद करा म्हणत नाही. नवरात्रात आम्हीच चढतो. मोजून सोडा, एवढेच म्हणतो. गणित साधे आहे. लोखंडी शिडीवर एकामागून एक, पंधरा सेकंदांना एक माणूस सोडला, तर तासाला 240. पावसात पायऱ्या निसरड्या, निम्मे धरा: 120. उतरणारेही त्याच शिडीने आले की वर जाणारे उरले 60. सकाळी सात ते दुपारी एक, सहा तासांत 360 माणसे. पावसाळी रविवारी पायथ्याच्या बारी गावात गाड्या मोजा आणि या आकड्याशी ताडून पाहा. मर्यादा शिडी ठरवते, पार्किंग नव्हे. पार्किंग वाढवले की शिडीखालची रांग तेवढी वाढते.

काजव्यांचेही तसेच. मेअखेर ते जूनमधल्या पहिल्या पावसापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर ते लखलखतात. नर उडत खूण देतो, मादी खालच्या पाल्यातून उत्तर देते. गाडीचा हेडलाइट पडला की त्या उजेडात दोघांचीही खूण बुडते, जोडी जमत नाही. अळ्या वर्षातला बहुतेक काळ जमिनीलगत, पालापाचोळ्यात गोगलगाई खाऊन जगतात. तिथेच तंबू ठोकला की पुढच्या वर्षीचा काजवा पायाखाली. उपाय महाग नाही. सूर्यास्तानंतर गाड्या गावाबाहेर, बॅटरीला लाल कागद, बघायला रस्ताच, झाडाखाली कोणी नाही. पण नाका कोणाचा आणि पावतीपुस्तक कोणाचे, हे ठरल्याशिवाय गाडी कोण अडवणार? हातात फक्त झाडू असलेल्या माणसाचे कोणी ऐकत नाही.

खरे दुखणे या पत्रिकेपेक्षा मोठे आहे. या राज्यात 'सहभाग' म्हणजे राबायला आम्ही आणि सहीला तुम्ही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरचा हक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला गडचिरोलीत यावे लागले. एका पुस्तकासाठी दिल्लीहून मंत्री! आम्हाला पुस्तक हवे असेल तर कोणाला बोलवायचे? धरण बांधताना आमची जमीन राष्ट्राची, अभयारण्य करताना वन्यजीवांची, आणि प्लास्टिकच्या बाटल्या पडल्या की डोंगर एकदम आमचा.

मागण्या थोड्या आहेत. दावे निकाली निघेपर्यंत आराखड्यावर सही नको. मंडळात निम्म्याहून जास्त माणसे ग्रामसभांनी निवडलेली हवीत, खात्याने नेमलेली नकोत. शुल्क ग्रामसभांच्या खात्यात जमा व्हावे, आणि चेकवर वनपालाची सही लागू नये. रोज किती माणसे सोडायची, हा आकडा पायथ्याच्या गावांनी ठरवावा.

बैठकीला आम्ही येणारच. सुधारित पत्रिका आली तर वनहक्क समितीची फाइल घेऊन येऊ. जुनीच राहिली तर केरसुणी घेऊन. तीही घरचीच आणावी लागेल. खात्याने अजून दिलेली नाही.

आपले,
कळसूबाईच्या पायथ्याच्या पाड्यांवरचे ग्रामसभा सदस्य