मधलं दार

कराड,
रविवार, रात्र

चि. सौ. वैशालीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. पुण्याला गाडी बदलायला तासभर गेला, बाकी काही त्रास झाला नाही. तू बांधून दिलेल्या पोळ्यांपैकी दोन दादाच्या पोरांनी हातपाय धुवायच्या आधीच संपवल्या. उद्या दुकान उघडते.

फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर पुन्हा तेच झालं असतं. मी सुरू केलं असतं, तू "बरं आई, बरं आई" म्हणाली असतीस, आणि मग सोनू उठला म्हणून ठेवला असतास. लिहिलेलं तुला सवडीने वाचता येईल.

आधी माझी चूक. पूजा चालू असताना मी इलेक्ट्रिशियनच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि पुढच्या दाराच्या चौकटीतली पट्टी उघडून बघितली, ते चुकलंच. विहीणबाई बघत होत्या, तुझ्या ऑफिसातली माणसं प्रसादाला बसली होती. "आई, हे दुकान नाही, माझं घर आहे," असं तू हळूच म्हणालीस. मला ते लागलं. संगमनेर येईपर्यंत लागत होतं. नारायणगावला चहाला उतरले तेव्हा वाटलं, पोर खरं तेच बोलली. घर तुझंच आहे. कर्जाच्या कागदावर पहिलं नाव तुझं आहे, ते मी दोनदा वाचलं. तुझ्या बाबांना स्वतःच्या चार भिंती उभ्या करायला पन्नाशी उलटली होती. तू चौतिसाव्या वर्षी केलंस, तेही नाशिकसारख्या ठिकाणी, मागे गॅरेज, पुढे तुळशीला जागा. आज बाबा हवे होते. एवढं एकच वाक्य तुला तोंडावर सांगायला आले होते आणि नेमकं तेवढंच राहिलं.

म्हणून ठरवलं होतं की पत्रात कुलपाचा विषय काढायचा नाही. पण ते मधलं दार काही डोळ्यांपुढून हलत नाही.

सुहासराव बोटीवर गेले की सहा महिने त्या घरात तू आणि सोनू. पुढच्या दाराला तू बोटाच्या ठशाचं कुलूप बसवलंस, चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण गॅरेजमधून स्वयंपाकघरात यायचं दार बघ. बाथरूमला लावतात तसलं पोकळ दार ठोकलंय बिल्डरने, आणि त्याला बेबी लॅच, म्हणजे बाथरूमच्या दाराला असतं तसलं छोटं कुलूप. मी नखाने वाजवून बघितलं, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं वाजलं. ज्याला आत यायचंय तो वीस हजारांच्या कुलपासमोर कशाला उभा राहील? मागून शटर वर करेल, आणि मग त्या दाराला खांदासुद्धा लावायला नको.

तुला ९६ सालचं आठवतं का? तू पाच वर्षांची होतीस. प्रभाकाकाच्या लग्नाला आपण साताऱ्याला गेलो होतो. परत आलो तर दार नुसतं लोटलेलं. आणि उंबऱ्यावर कुलूप पडलेलं. बंद. कोयंडा त्याच्या कडीत तसाच अडकलेला, आणि कोयंड्याला चार स्क्रू, प्रत्येक अर्ध्या इंचाचा, आट्यांमध्ये लाकडाचा भुसा. दुकानातलं सगळ्यात भारी सात लिव्हरचं कुलूप होतं ते. बाबांनी खिशातून किल्ली काढली, लावली, फिरवली. लोण्यासारखी फिरली. कुलपाला ओरखडासुद्धा नव्हता. कोणी त्याला हातच लावला नव्हता, कोयंड्याखाली कटावणी घातली आणि दाबली, झालं. बाबा तसेच पायरीवर बसले. माझ्या पाटल्या गेल्या त्याचं त्यांना तेवढं नव्हतं. आत्याने ठेवायला दिलेले पैसे गेले, त्याचं होतं. पुढचं तुला माहीत आहे.

तेव्हापासून ते कुलूप, कोयंड्यासकट, काउंटरवर ठेवलेलं असायचं. गिऱ्हाईक आलं, भारीतलं कुलूप द्या म्हणालं, की बाबा आधी विचारायचे, "कोयंडा कशावर बसवलाय? स्क्रू केवढे आहेत?" कित्येक जण कंटाळून समोरच्या दुकानात जायचे. मी चिडायचे. आता मीच तेच विचारते. आर्देशर गोदरेजांनी वकिली सोडून १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं करायला घेतली, हेही बाबा रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "एवढ्या हुशार माणसाने कुलूप केलं, आणि आपण ते अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर टांगायचं?" पेपरात तू वाचतेसच. "कडीकोयंडा तोडून", "शटर उचकटून" असंच छापून येतं. किल्ली करून कुलूप उघडल्याचं क्वचित.

म्हणून मी ती पट्टी उघडली गं. कुलपाचा बोल्ट चौकटीत जिथे शिरतो तिथली पट्टी. तिचे दोन्ही स्क्रू पाऊण इंचाचे निघाले. तिथे अडीच-तीन इंची घालायला हवेत, लाकडाच्या पोटात शिरणारे. दोन स्क्रूंचा प्रश्न आहे, पाच मिनिटांचं काम, दहा-वीस रुपये. दाराला लाथ बसली की मार त्या पट्टीवर जातो, कुलूप कितीचं आहे त्याला कोण विचारतं.

आणि पावसाळ्यात दार फुगेल, तेव्हा बोल्ट पट्टीतल्या भोकात पूर्ण जातो का ते बघत जा. वरून लागल्यासारखं वाटतं आणि टोक नुसतं टेकलेलं असतं. त्या ठशाच्या कुलपाचा कंपनीने दिलेला नंबर बदललास ना? त्याच्या खाली दोन टिकल्या आहेत, आतले सेल संपले तर तिथे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायची, ती एक गाडीत ठेव. साधी किल्लीही असते त्याला. ती घरातल्या घरात ठेवून उपयोग नाही. शेजारच्या काकू मला आवडल्या, त्यांच्याकडे दे.

बघ, पान भरलं. नाही नाही म्हणता परत दुकान मांडलं मी. माफ कर.

पण शटरचं सांगते आणि थांबते. तुझ्या शटरला दोन्ही टोकांना कुलपं आहेत, मधे काही नाही. टोकं जागेवर राहतात आणि मधला पत्रा वाकतो. खालून पहार घालून दोघांनी उचललं की मधे कमान होते, आणि माणूस सरपटत आत जातो. आपल्या पेठेतल्या दोन दुकानांत असंच झालं, दोन्हीकडची कुलपं सकाळी लागलेलीच होती. मधोमध जमिनीत बसणारं सेंटर लॉक लावून घे. आणि टोकांना कुलपं घेशील ती कडी न दिसणारी घे, जिची कडी कुलपाच्या अंगातच झाकलेली असते. उघडी कडी दिसली की कटर लागतो.

आता मधलं दार. ते पोकळ काढून टाक. भरीव फ्लश डोअर घे, पस्तीस मिलिमीटरचं, आणि त्याला दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टिस लॉक. त्याचं सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, पितळी पट्टीच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये, नाहीतर ते पकडीत धरून मोडता येतं. सुतार म्हणेल, चालतंय ताई. चालत नाही. योग्य मापाचं आणायला सांग, साठचं, सत्तरचं, सगळी मापं मिळतात.

आणि बिजागऱ्या. ते दार गॅरेजकडे उघडतं, म्हणजे बिजागऱ्या गॅरेजच्या बाजूला. तिकडून पिन ठोकून काढली की कुलपाच्या उलट्या बाजूने दार निघतं. यावर बाबांची एक युक्ती होती. बिजागरीच्या एका पात्यातला एक स्क्रू काढायचा, तिथे जाड स्क्रू बसवायचा, तो पूर्ण पिळायचा नाही, अर्धा इंच वर ठेवायचा आणि त्याचं डोकं कापून टाकायचं. समोरच्या पात्यात त्याच्या समोरच भोक. दार लागलं की तो खुंटा चौकटीत घुसतो. मग पिन काढली तरी दार जागचं हलत नाही. सुताराला हे वाचून दाखव, त्याला कळेल. आपल्या घराच्या मागच्या दाराला अजून आहे, लहानपणी तू त्याला नथ घालायचीस, दोऱ्याची.

आतल्या बाजूला मात्र किल्ली नको, नॉबच हवा. हे मी बाबांच्या वतीने लिहिते.

तू तीन वर्षांची असशील. मी गॅसवर दूध ठेवून मागे धुणं वाळत घालायला गेले, आणि तू स्वयंपाकघराचं दार लावून खालची खिट्टी सरकवलीस. मग ती निघेना. मी बाहेरून दार बडवत सुटले, तू आतून रडायला लागलीस, दुधाचा करपलेला वास यायला लागला. बाबा दुकानातून धावत आले. मला वाटलं, आता दार फोडतील. पण ते जमिनीवर पालथे झोपले, दाराखालच्या फटीला गाल लावून. त्यांना तुझे दोन पाय आणि पैंजण एवढंच दिसत होतं. हळू आवाजात बोलायला लागले. "वैशू, पैंजण वाजवून दाखव बघू. शाब्बास. आता खिट्टीचं टोक तुझ्याकडे वळव. ओढू नको. वळव." पाव तास गेला असेल. मला तो पाव तास अजून संपलेला नाही. त्या संध्याकाळी बाबांनी घरातल्या सगळ्या दारांच्या खालच्या खिट्ट्या काढल्या आणि भोकांत पुट्टी भरली. स्वयंपाकघराच्या दारावर ते चार ठिपके अजून दिसतात.

म्हणून सांगते, रात्री धूर झाला, गॅसचा वास आला, तर अंधारात किल्ली शोधायची वेळ येता कामा नये. आतून नुसता नॉब फिरवला की बाहेर. आणि सोनूचा हात पोचेल तिथे एकही खिट्टी ठेवू नकोस. हवी असेल तर वर, तुझ्या डोक्याच्या उंचीला टॉवर बोल्ट लाव.

ते दार नीट मिटणारं हवं याला आणखी एक कारण आहे. शटर खाली असताना स्कूटर चालू करायची नाही, मिनिटभरसुद्धा नाही. धूर स्वयंपाकघरात येतो आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

किती भरलं आहे माझ्या मनात. तू शहाणी आहेस, मला माहीत आहे. ज्या मुलीने एकटीने बिल्डरकडून दोन महिन्यांचं भाडं वसूल केलं तिला मी कुलूप कसं लावायचं शिकवते आहे. पण वैशू, बांधकाम चालू असताना त्या मधल्या दाराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे होत्या? गवंडी, फरशीवाला, रंगारी. तुला ताब्यात दोन दिल्या, पाकिटात होत्या किती? दार बदलेपर्यंत निदान आतून टॉवर बोल्ट तरी लाव. उद्याच.

मी येत नाही. सुतार तुझा तू बघ, तुझ्या घरात तुझ्या पद्धतीने होऊ दे. शनिवारी दादा येतोय, त्याच्याबरोबर पिशवी देते. त्यात मॉर्टिस लॉक आहे नॉबचं, दोन टॉवर बोल्ट, तीन इंची स्क्रू डझनभर आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड एका कागदाच्या पुडीत. सिलिंडर अडायला लागलं तर तेल सोडू नकोस, त्याला धूळ चिकटते. ही पूड चिमूटभर किल्लीला लावून दोनदा फिरव.

सगळं बसवून झालं की रात्री फोन कर आणि मधल्या दाराजवळ फोन धरून कुलूप लाव. दोनदा खट् व्हायला हवं. पहिलं जरा मऊ येतं, दुसरं भरीव. मला इथे कळेल.

सुहासरावांना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार. सोनूला पापा.

तुझी
आई

ता. क. त्या दाराचं माप मी घेतलं होतं, तू पाहुण्यांना पान देत होतीस तेव्हा. टेप नव्हती, वितीने घेतलंय. रुंदी साडेतीन वीत आणि वर दोन बोटं, उंची पदराला गाठ मारून. इथे येऊन पट्टीवर धरलं तर अडीच फुटाला जरा कमी आणि पावणेसात फूट भरलं. दार कापायच्या आधी सुताराला एकदा टेपने बघू दे.