अण्णांच्या गाडीचे इंडिकेटर

सोलापूर,
रविवार

प्रिय सुहास,

फार दिवस लावले पत्राला. शिव्या भेटल्यावर दे. फोनवर अण्णांच्या गाडीच्या इंडिकेटरचा विषय काढला असता तर तू "फ्लॅशर बदल" म्हणून दोन मिनिटांत मोकळा झाला असतास, म्हणून कागद घेतला. तब्येत ठीक, गोळी चालू. आईचा गुडघा आहे तसाच.

पिंट्यानं अण्णांच्या मोटारसायकलच्या चारही इंडिकेटरमध्ये एलईडी बसवलेत. आता डावं दाबलं की चारही पेटतात, आणि तेही धडधड धडधड. कायद्यानं मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवं. ह्याचं मोजायलाही जमत नाही. संध्याकाळी सात रस्ता चौकात मागे उसाची ट्रॉली असताना हा नेमका कुठं वळणार, हे त्या ट्रॅक्टरवाल्याला देवानं सांगायचं का? साहेबांना ती स्टाईल वाटते. वर कुणीतरी सांगितलं, जुनी वायरिंग सगळी उपटा आणि नवीन किट घाला. पिंट्या पैसे घेऊन तयार! मी किल्ली काढून घेतली आहे. गाडी आता तुझी, तेव्हा तुला विचारल्याशिवाय कुणी पक्कड लावणार नाही.

माझं म्हणणं, किट बदलू नये. बाजारातल्या किटची तांब्याची तार बघ, केसासारखी. अण्णांच्या गाडीतली तार आजही चांगली आहे. बिघडलंय ते तीन ठिकाणी, आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिलं, चारही पेटण्याचं. मीटरमध्ये इंडिकेटरचा पायलट बल्ब एकच, त्याचं एक टोक डाव्या लायनीला, दुसरं उजव्या. डावं दाबलं की करंट पायलटमधून जातो आणि उजव्या बल्बांतून अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला, मिळतो. उजवीकडे १० वॅटचे दोन बल्ब होते तोवर त्या चिमूटभर करंटनं त्यांची तार लालसुद्धा होत नव्हती. एलईडीला तेवढा पुरतो. म्हणून चारही. ह्यात कुठं शॉर्ट नाही, वायरिंगचा काही दोष नाही. १एन४००७ नंबरचे दोन डायोड घ्यायचे, करंट एकाच दिशेनं सोडतात, चहापेक्षा स्वस्त. एक नारंगी वायरवरून, एक आकाशी वायरवरून. दोघांची चंदेरी पट्टीची टोकं एकत्र करून पायलटच्या एका टोकाला, आणि पायलटचं दुसरं टोक हिरव्या अर्थला. दोन्ही पट्ट्या उलट्या लागल्या तर पायलट पेटणारच नाही, नुकसान काही नाही.

धडधड वेगळी. जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बल्बांच्या करंटवर चालतो. दोन बल्ब मिळून २० वॅट, म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आसपास. एलईडी त्याच्या मानानं फारच थोडा ओढतात, तेव्हा फ्लॅशरला वाटतं एक बल्ब उडाला. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला की संपलं. तीन पिनांचा असेल तर बी ला स्विच ऑनची काळी, एल ला राखाडी, ई ला अर्थ. बी आणि एल उलटे झाले तर बरेचसे मुकाट बसतात. काही जण प्रत्येक बाजूला १५ ओहमचा रेझिस्टर लावतात. इंडिकेटर पेटताना तो तेरा-चौदा वॅटची उष्णता ओकतो, आपल्या मे महिन्यात तर प्लास्टिकला चटकाच. मला ते पटत नाही. आणि हो, फ्लॅशर बदलणार आहे म्हणून हुरळू नकोस. मागे अक्कलकोट रस्त्यावर तू फ्लॅशर म्हणालास, पण अर्थच गेला होता. तू अजून मानलेलं नाहीस, मीही विसरलेलो नाही.

खरं तर १० वॅटचे चार बल्ब परत घातले तर डायोडही नको आणि फ्लॅशरही नको. फक्त दुकानदारानं २१ वॅटचे टेकवायला नकोत. टोपी सारखीच, बसतात मुकाट, आणि मग होल्डर आणि काच दोन्ही वितळतात. पण पिंट्याला हे सांगायचं म्हणजे त्याच्या अब्रूचा प्रश्न.

दुसरं, मागचा अर्थ, आणि इथं मी तुझ्याशी भांडायला तयार आहे. ब्रेक दाबला की उजवं मागचं इंडिकेटर थांबतं, आणि एरवी टेललाईट इंडिकेटरच्या तालावर मंद-तेज होतो. दोघांची परतीची वायर एकच, ती मडगार्डपाशी गंजली. करंटला घरी जायला वाट नाही, म्हणून शेजारच्या बल्बातून घुसतो. तपासायला एलईडी काढून तिथं १० वॅटचा बल्ब घालायचा, हे विसरायचं नाही. एलईडीवर करंटच इतका कमी की खराब अर्थही चांगला दिसतो. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर, लाल टोक होल्डरच्या अंगाला, काळं बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब पेटताना आकडा ०.२-०.३ च्या वर गेला तर अर्थ गेला. एक चौरस मिलिमीटरची हिरवी वायर थेट चेसिसला आणायची, रिंग लग लावून. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालायचा, आवळायचं, आणि मग वरून व्हॅसलीन. आधी नाही.

तिसरं सगळ्यात चावट. हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की डावं इंडिकेटर मरतं. फ्लॅशरच्या बी आणि एल पिना तारेनं जोडून बघितल्या (ई ला तार लागू द्यायची नाही, फ्यूज उडतो). सरळ हँडलवर डावे दोन्ही स्थिर पेटले, वळवल्यावर गेले. म्हणजे फ्लॅशर निर्दोष. स्विचच्या दोन पट्ट्या काढून पाहिल्या, हिरवट पडल्या होत्या. कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतल्या, तरी तेच. शेवटी गळ्यापाशी टेप कापली आणि नारंगी वायर हलकेच ओढली. वरचं वेष्टन रबरासारखं लांबलं! आतलं तांबं तुटलं होतं. वर्षानुवर्षं हँडलबरोबर वाकून वाकून ते वळणावर मोडलं. तिथंच पिळून टेप मारायची नाही, उन्हानं टेपचा गोंद वितळून सुटतो. सोल्डरसुद्धा वळणावर नको, त्याच्या कडेला पुन्हा तुटतं. दहा-बारा इंचांचा नवा मऊ तुकडा घालायचा, एक जोड हेडलाईटच्या डोममध्ये, दुसरा टाकीखाली, दोन्हींवर तापवून आवळणारी हीट श्रिंक नळी. आकाशी वायरही त्याच वयाची, तीही बदलून टाकू.

बॅटरी ठीक आहे. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, रेज केल्यावर १४ च्या आत-बाहेर.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? ओवी दहावीला आहे ना यंदा? कळव. बापू आजही विजापूर वेशीत भेटले की तुझं पहिलं विचारतात, माझं नंतर.

तर गड्ड्याच्या जत्रेआधी कळव, किट की दुरुस्ती. दुरुस्ती म्हणालास तर एका दुपारचं काम. आणि पिंट्याला तूच फोन कर, माझ्याशी तो सध्या बोलत नाही. जमलं तर आरसीची झेरॉक्स पाठव, पीयूसी संपत आलंय. शेंगा चटणी अर्धा किलो मंग्याबरोबर देतोय, ह्या वेळी तरी ती तुझ्यापर्यंत पोहोचते का बघ.

तुझा,
बाळ्या