बाकं बसवण्याआधी

हेरफर्ड, इंग्लंड

तीर्थरूप बाबा आणि आई,

प्रभूच्या नावाने सलाम.

बाबा, पंच कमिटीने चर्चच्या दुरुस्तीचं काय ठरवलं ते तुम्ही फोनवर सांगितलंत, दादाने फोटोही पाठवले. तेव्हापासून डोक्यात तेच चाललं आहे. फोनवर आवाज तुटतो आणि माझं म्हणणं अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र पास्टर साहेबांना आणि कमिटीतल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

भिंतींना सिमेंटचा गिलावा, छपराचे कवेलू काढून टिनं, आणि आत फरशीत पक्की बसवलेली बाकं, अशी तीन कामं ठरली आहेत ना? बाकांपासून सुरू करते, कारण इथे आमच्या ऑफिसात गावोगावच्या चर्चची जी कामं येतात, त्यांत बहुतेक वेळा पहिली मागणी बाकं काढण्याची असते.

विलायतेतल्या चर्चमध्ये पहिल्यापासून बाकं होती असं आपल्याकडे वाटतं. तसं नाही. मध्ययुगात लोक मधल्या दालनात उभे राहत, गुडघे टेकत. म्हाताऱ्यांसाठी भिंतीलगत दगडी कट्टा असे. वेदीकडचा भाग पाळकाच्या जबाबदारीचा आणि मोठं दालन गावाच्या. तिथे गावाच्या बैठका भरत, सणाला खाणंपिणं होई. बाकं नंतर वाढत गेली. पुढे श्रीमंत घराण्यांनी बसायचे दारं असलेले बंदिस्त खण भाडं भरून आपल्या नावावर घेतले आणि गरिबांना मागची जागा उरली. एकोणिसाव्या शतकात ते खण काढले आणि रांगांनी बाकं ठोकली. आज कित्येक खेड्यांत दुकान बंद, पोस्ट बंद. गावात छप्पर असलेली सगळ्यांत मोठी जागा चर्चचीच, पण बाकांमुळे रविवारखेरीज तिचा उपयोग करता येत नाही.

आपल्याकडे ते दालन मोकळं आहे, बाबा! सतरंजी अंथरली की उपासना, गुंडाळली की रिकामी जागा. पिकाच्या सणाला कापूस, तूर, ज्वारी आत मांडून लिलाव होतो, नाताळच्या नाटकाला सगळं गाव येऊन दाटीवाटीने बसतं. बाकं ठोकल्यावर हे कुठे करणार? गुडघे दुखणाऱ्यांची अडचण खरी आहे, आईचेही दुखतात. त्यांच्यासाठी पाठ टेकता येईल अशी, दोन माणसांना उचलता येतील इतकी हलकी बाकं भिंतीलगत ठेवा. जमिनीत मात्र काही रोवू नका.

चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १६,००० इमारती आहेत आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांशाहून जास्त सरकारी वारसा यादीत. इमारत यादीत असो वा नसो, ठोकलेलं एक बाक काढायलाही धर्मप्रांताची लेखी परवानगी लागते. आधी वाटायचं, एवढी कटकट कशाला. आता त्यातलं शहाणपण कळतं. नवं जे कराल ते जुन्याला धक्का न लावता करा, पुढच्या पिढीला काढावंसं वाटलं तर काढता आलं पाहिजे, असा इथला दंडक आहे. लंडनमध्ये बो भागात सेंट पॉल्स चर्च आहे. तिथे दालनात पोलादी खांबांवर एक मोठी लाकडी खोलीच उभी केली. २००४ मध्ये ती खुली झाली. आत व्यायामशाळासुद्धा आहे, आणि खाली उपासना चालू राहते.

आमच्या हेरफर्डमधल्या ऑल सेंट्समध्ये १९९७ पासून पश्चिमेच्या टोकाला कॅफे चालतो, आणि वेदी, प्रार्थना आपल्या जागी आहेत. तुम्ही म्हणालात की कमिटीतल्या वडिलांना पावित्र्याची काळजी वाटते. त्यांना हे सांगा. आपल्याकडे वेदीचा चौथरा उंच आहेच, त्यासमोर घडीची लाकडी जाळी केली तर आठवडाभर तो भाग झाकलेला राहील.

आता भिंती. दादाच्या फोटोत खालच्या तीन-चार फुटांत ओल चढलेली दिसते. भिंत काळ्या दगडाची, दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या. आपला काळा दगड पाणी फारसं पीत नाही, ओल बाहेर पडते ती दरजांतल्या चुन्यातून. वरून सिमेंट लिंपलं तर ओल्या अंगावर रेनकोट घातल्यासारखं होईल. पाणी आत कोंडेल, आणखी वर चढेल, आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे निघतील. इथे विसाव्या शतकात सिमेंटने भरलेल्या कितीतरी दरजा आता उकरून पुन्हा चुन्याने भराव्या लागत आहेत. आपल्याकडे चुन्यात गूळ, बेलाचा गर घालून मळणारे जुने गवंडी होते. यवतमाळ, अमरावतीकडे विचारा, एखादा नक्की सापडेल.

पण चुन्याच्याही आधी पाणी कुठून येतं ते बघा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं, आणि आवारातली माती वर्षानुवर्षं चढून जोत्याला टेकली आहे. ती खाली उतरवा, चर काढा, पन्हाळी लावा. दर पाच वर्षांनी जाणकाराने चर्च वरपासून खालपर्यंत तपासायचं, असा इथे १९५५ पासून नियम आहे, आणि त्या तपासणीत पन्हाळींकडे हमखास पाहतात.

टिनांचं कारण माकडं, हे मला कळतं. दर वर्षी कवेलू फोडतात आणि दर वर्षी पैसे जातात. पण मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा गावातली सगळ्यांत थंड जागा आपलं चर्चच असतं. जाड भिंती, उंच छत आणि कवेलूंच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा, यांमुळे ते थंड राहतं. टिनाखाली दुपारी कुणी बसणार नाही, आणि पावसात पास्टर साहेबांचा आवाज पोचणार नाही. अगदीच टिनं घालायची झाली तर खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत करा, मध्ये हवा खेळू द्या आणि आढ्याला झरोका ठेवा.

मला खरं हवं आहे ते एवढंच, की ती थंड जागा आठवडाभर गावाला मिळावी. दहावी-बारावीच्या पोरांना अभ्यासाला घरात कोपरा नसतो. बायांचा बचत गट कुणाच्या तरी ओसरीवर भरतो. भर उन्हात वावरातून येणाऱ्या मजुराला दोन घटका टेकायला जागा लागते. ही माणसं आपल्या मंडळीतली असोत, बौद्ध वस्तीतली असोत नाहीतर गुरुदेव सेवा मंडळातली. तुकडोजी महाराजांनी साऱ्या धर्मांच्या लोकांना एकत्र प्रार्थनेला बसवलं तो आपला मुलूख. आपलं दार उघडायला आपण का अडखळायचं?

मात्र आपणच परस्पर ठरवू नका. इथेही नकाशा काढण्याआधी गावाला विचारतात. बायांना वेगळं विचारा, त्या पुरुषांसमोर बोलणार नाहीत. किल्ली कुणाकडे, झाडलोट कोण करणार, लाइटचं बिल कोण भरणार, हे आधीच कागदावर लिहा. संडास आणि पाण्याची टाकी बाहेर आवारात बांधा आणि दाराशी पायऱ्यांच्या बाजूला उतार करा.

ठेकेदाराला अजून ॲडव्हान्स देऊ नका. दादाला सांगा, आतून-बाहेरून मापं घे, प्रत्येक भिंतीचा आणि छप्पर पेलणाऱ्या कैच्यांचा फोटो काढ, आणि पहिला मोठा पाऊस पडताना पाणी कुठे साचतं त्याचा व्हिडिओ पाठव. नकाशा मी काढून देते.

आई, गुडघ्यांच्या गोळ्या वेळेवर घे.

तुमची,
लेक